बाल्डर्स गेट प्लेस्टेशनवर आणि ड्रीमकास्टवर का आला नाही: पोर्टिंगवाल्याच्या नजरेतून

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. संगणकावरचा १९९८ चा मूळ बाल्डर्स गेट हा गेम पहिल्या प्लेस्टेशनवर येणार होता, सेगाच्या ड्रीमकास्टवरही येणार होता, आणि दोन्ही बेत रद्द झाले. प्लेस्टेशनचा पोर्ट तर 'जवळजवळ पूर्ण' होता असं तुमच्या वाचनात आलंय. मग घोडं अडलं कुठे? यंत्रं कमी पडली की पैसे? आणि शेवटच्या ओळीत तुम्ही हळूच विचारलंय की घरी चालू स्थितीतला ड्रीमकास्ट पडून आहे, छंद म्हणून त्यावर हा गेम आणायचा म्हटलं तर जमेल का.

मी पोर्टिंग करतो, म्हणजे एका यंत्रासाठी लिहिलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालता करणं हाच माझा धंदा. सुरुवात पुण्यात जावा फोनपासून झाली, पुढे स्मार्टफोन आणि कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशनसारखी टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं. त्या दोन पोर्टांवर अर्थातच मी नव्हतो. त्यामुळे खालचं उत्तर यंत्रांचे आकडे, गेमच्या फायलींची रचना आणि बाजाराच्या तारखा यांच्या हिशेबातून आलंय.

'यंत्र कमी पडलं का' हा प्रश्न बाहेरून पहिला सुचतो. आमच्याकडे काम येतं तेव्हा तो सहसा तिसरा-चौथा असतो. काहीतरी कापलं की जवळजवळ कुठलाही गेम कुठल्याही यंत्रावर चालतो. काय कापायचं, ते कापून उरलेल्याला त्याच नावाने विकता येईल का, कापाकापीला किती महिने लागतील, आणि तेवढ्या महिन्यांनी गिऱ्हाईक दुकानात असेल का, हे आधी बघतात. बाल्डर्स गेटच्या बाबतीत माझं मत असं आहे की प्लेस्टेशनवर कापाकापी फार होती, ड्रीमकास्टवर ती बेताची होती, आणि दोन्हीकडे शेवटी कॅलेंडरने मारलं.

थोडा इतिहास, कारण गेम कुणी आणि कसा बनवला त्यातच पुढची निम्मी अडचण आहे. बायोवेअर ही कंपनी १९९५ मध्ये कॅनडातल्या एडमंटनला सुरू झाली. संस्थापकांपैकी रे म्युझिका, ग्रेग झेस्चुक आणि ऑगस्टीन यिप हे तिघे पेशाने डॉक्टर. १९९६ चा शॅटर्ड स्टील हा त्यांचा पहिला गेम, प्रकाशक इंटरप्ले. पुढे त्यांनी 'बॅटलग्राउंड इन्फिनिटी' नावाचा एक नमुना दाखवला. इंटरप्लेकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाचे हक्क होते आणि इंटरप्लेच्याच फर्गस अर्कहार्ट यांनी हा नमुना त्या हक्कांशी जोडायचं सुचवलं. नमुन्याचं नाव गेलं, इंजिनाला, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, मात्र 'इन्फिनिटी' हे नाव चिकटलं. मुख्य डिझायनर जेम्स ओलन हा टेबलावरच्या डी अँड डी खेळांचा मुरलेला सूत्रधार, आणि गेममधली काही पात्रं थेट त्या टेबलावरून आली. टकल्या मिन्स्क आणि त्याचा हॅमस्टर बू हे त्यातलेच.

गेम २१ डिसेंबर १९९८ ला इंटरप्लेच्याच ब्लॅक आयल या विभागाच्या नावाखाली बाहेर पडला, पाच सीडींवर. त्याआधीची काही वर्षं संगणकावरचे आरपीजी (भूमिका घेऊन खेळायचे गेम) संपले असं लोक उघड बोलत होते. हा गेम वीस लाखांहून जास्त प्रती विकला गेला आणि ती चर्चा थांबली. (आपल्याकडे बहुतेकांनी मूळ खोका कधी पाहिलाच नाही, लॅमिंग्टन रोडच्या सीड्या पाहिल्या. तो वेगळा विषय.)

एवढा विकलेला गेम कन्सोलवर न्यावा असं प्रकाशकाला वाटणं स्वाभाविक होतं, आणि तसा पायंडाही होता. विझर्ड्री १९८७ मध्येच निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर गेला. पूल ऑफ रेडियन्स निन्टेन्डोच्याच एनईएसवर आला, आय ऑफ द बिहोल्डर सुपर निन्टेन्डोवर. अल्टिमा ७ देखील सुपर निन्टेन्डोवर आला, पण कसा? साथीदारांची टोळी गेली, एकटा नायक उरला, आणि ज्या खुनापासून कथा सुरू होते त्या खुनाचं अपहरण झालं. पोर्ट झाला, गेम राहिला नाही. उलट डायब्लो १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आला आणि चांगला जमला. इंटरप्लेच्या लोकांनी डायब्लोकडे बघून 'हे आपल्यालाही जमेल' म्हटलं असेल तर मला नवल वाटणार नाही. वरून बघितलं तर दोन्ही सारखेच: तिरका कॅमेरा, माउसने चालवायचं, तलवारी, भुतं.

फरक आत आहे. डायब्लोचं तळघर थोड्याच तुकड्यांच्या पुनरावृत्तीतून बनतं. तीच भिंत, तीच फरशी, तोच जिना, दर वेळी वेगळ्या मांडणीत. तेवढे तुकडे एकदा मेमरीत आणले की सगळा मजला उभा राहतो. बाल्डर्स गेटमध्ये प्रत्येक परिसर हे एक स्वतंत्र, अखंड चित्र आहे, त्रिमितीत रेंडर करून वरून हात फिरवलेलं. नॅशकेल गावाचं शेत नॅशकेलपुरतंच, ते दुसरीकडे वापरलेलं नाही. देखणेपणाचं श्रेय यालाच जातं आणि पोर्टिंगवाल्याची झोपही यानेच उडते.

आकडे बघा. इंजिन हे चित्र ६४ × ६४ पिक्सेलच्या तुकड्यांत साठवतं. प्रत्येक तुकड्याचं स्वतःचं २५६ रंगांचं पॅलेट (रंगांची यादी) असतं: चित्राचे ४,०९६ बाइट, पॅलेटचे १,०२४, एकूण ५,१२०. रानातला मोठा परिसर ५,१२० × ३,८४० पिक्सेलचा, म्हणजे ८० × ६०, म्हणजे ४,८०० तुकडे. गुणाकार केला की एकाच परिसराच्या जमिनीचे २,४५,७६,००० बाइट होतात, साधारण २४ एमबी. अजून त्यावर एकही माणूस उभा केलेला नाही.

पहिल्या प्लेस्टेशनकडे मुख्य मेमरी २ एमबी, चित्रांसाठी १ एमबी, आवाजासाठी ५१२ केबी. सीडी वाचायचा वेग सेकंदाला ३०० केबी. अख्खा परिसर वाचायचा म्हटला तर ८० सेकंद, आणि वाचून ठेवणार कुठे?

इथे बरेच जण 'बघा, अशक्यच होतं' म्हणून विषय संपवतात. तसं नाही. पडद्यावर दिसतं तेवढंच मेमरीत लागतं. ३२० × २४० च्या पडद्याला कडेचे धरून ३० तुकडे पुरतात. प्लेस्टेशनला २५६ रंगांचं पॅलेट असलेलं चित्र हार्डवेअरमध्येच समजतं आणि त्याचं पॅलेट ५१२ बाइटांत मावतं, म्हणजे ३० तुकड्यांना १३५ केबी. हे आरामात बसतं. बाकीचं, खेळाडू ज्या दिशेला चाललाय त्या बाजूचं, सीडीवरून आधीच ओढून ठेवायचं. असं स्ट्रीमिंग त्या यंत्रावर इतरांनी केलंय. गाभ्याचं काम मला अशक्य वाटत नाही.

अडचण सुरू होते ती ३२० × २४० म्हटल्यावर. मूळ गेम ६४० × ४८० चा. चित्र आहे त्याच आकारात ठेवलं तर संगणकाच्या पडद्यावर दिसायचं त्याचा चौथा हिस्साच दिसतो आणि पडद्याबाहेरचा धनुर्धारी तुम्हाला मारून मोकळा होतो. चित्र निम्म्यावर आणलं तर डेटाही चौथाई होतो, २४ चे ६ एमबी, सगळे खूश. पण मग फ्रेंडली आर्म इनच्या अंगणात लपवलेली अंगठी किंवा नॅशकेलच्या शेतात पुरलेलं अँखेगचं चिलखत आठवा. मूळ गेममध्येच त्या जागा एवढ्या चिमुकल्या आहेत की माउस फिरवून डोळे दुखतात. निम्म्या चित्रावर, जुन्या टीव्हीवर, पॅडने कर्सर ढकलत त्या शोधायच्या? मग एक तर जागा मोठ्या करा, नाही तर जवळ गेलं की बटण दाखवा. तेही करता येतं, पण प्रत्येक परिसरात, हाताने. खर्च असा कणाकणाने वाढतो.

आता मला सगळ्यात मोठा वाटणारा अडथळा, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: हार्ड डिस्क. बाल्डर्स गेटला संगणकावर किमान पेंटियम १६६, १६ एमबी रॅम आणि ३०० एमबी मोकळी डिस्क लागायची. लोक रॅमकडे बघतात, मी डिस्ककडे बघतो. हे इंजिन खेळताना सतत डिस्कवर लिहितं. तुम्ही एक परिसर सोडलात की त्याची सद्यस्थिती एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते: कुठलं दार उघडं आहे, कुठली पेटी रिकामी आहे, कोण मेलंय, जमिनीवर काय टाकलंय, धुकं (न पाहिलेल्या भागावरचा काळा पडदा) किती सरलंय. परत आलात की ते तिथून उचलतं. सेव्ह करता तेव्हा हे सगळं एकत्र बांधून ठेवतं. म्हणून तुम्ही बेरेगोस्टच्या खानावळीतल्या कपाटात नको असलेल्या तलवारी कोंबून जाऊ शकता, दहा तासांनी परत येता आणि त्या तिथेच असतात.

प्लेस्टेशनला लिहायला डिस्क नाही. मेमरी कार्ड आहे, १२८ केबीचं, ८ केबीच्या १५ कप्प्यांचं. ते खेळता खेळता लिहीत बसण्याइतकं वेगवान नाही. म्हणजे फिरलेल्या प्रत्येक परिसराची आठवण त्या २ एमबीत धरून ठेवायची, आणि शेवटी ती कार्डावर मावली पाहिजे.

फक्त धुक्याचा हिशेब करून बघू. दर ३२ × ३२ पिक्सेलच्या चौकोनाला एक बिट धरला तर मोठ्या परिसराचे १९,२०० बिट, म्हणजे २,४०० बाइट. असे ४० परिसर तुडवलेत की ९६,००० बाइट. कार्ड जवळजवळ भरलं. सहा जणांच्या पोतड्या, मंत्र, पेट्या, प्रेतं, अर्धवट संवाद, कथेचे शेकडो झेंडे (काय घडून गेलं त्याच्या खुणा) हे अजून यायचंच आहे. हो, दाबून लहान करता येतं. पूर्ण पाहिलेल्या परिसराला एकच बिट पुरतो. पण लोक परिसर पूर्ण पाहत नाहीत ना, अर्धवट पाहून पुढे जातात.

माझ्यासारख्याला हे काम दिलं तर मी काय करेन? जमिनीवर टाकलेल्या वस्तू परिसर सोडला की नाहीशा. ठरावीक चार-पाच पेट्याच 'कायमच्या'. प्रेतं विसरायची. धुकं ६४ च्या चौकोनात मोजायचं. यातला प्रत्येक बदल खेळाडूला हळूच जाणवतो. जावा फोनवर आम्ही हेच करायचो. जुन्या सिरीज ४० च्या फोनवर चित्रं, आवाज आणि कोड मिळून अख्खा गेम ६४ केबीत बसवायचा असे. तिथे कुणी तक्रार केली नाही, कारण फोनवरच्या गेमकडून अपेक्षाच तेवढी. बाल्डर्स गेटची तर ओळखच 'हे जग तुम्ही केलेलं लक्षात ठेवतं' ही होती.

पाच सीड्यांचा प्रश्नही याच जातीचा. फायनल फँटसी ८ चार सीड्यांवर आला तेव्हा कुणाची कुरकुर नव्हती, कारण कथा सरळ रेषेत जाते. पहिली सीडी संपली, दुसरी लावा. बाल्डर्स गेटमध्ये तुम्ही मनात आलं की उलटे फिरता, शहरातून रानात, रानातून खाणीत. संगणकावर जागा असेल तर सगळं डिस्कवर चढवून ठेवता यायचं. कन्सोलवर दर फेरीला उठून सीडी बदला. नकाशा सीडीप्रमाणे तोडून मागे जायची वाट बंद केली तर ती गैरसोय जाते, पण मुक्त भटकंतीही जाते.

आणि मग नियंत्रण. याबद्दल लोक सगळ्यात जास्त लिहितात, मला ते सगळ्यात कमी कठीण वाटतं. थांबवून हुकूम द्यायची सोय मूळ गेममध्येच आहे, त्यामुळे पॅडचा संथपणा चालून जातो. फक्त एक जागा वाईट: फायरवाइन पुलाखालचे अवशेष. ज्यांनी खेळलंय त्यांना नुसतं नाव पुरे. एकाला एक लागून चालावं लागेल एवढे अरुंद बोळ, सहा माणसं, समोरून कोबोल्डांचे बाण. पुढचा थांबतो, मागचा वाट मिळेना म्हणून उलट दिशेला लांबचा वळसा घालायला निघतो आणि एकटाच मरतो. संगणकावर लोक बाल्डर डॉट आयएनआय फाइल उघडून वाट शोधायच्या 'नोड्स'चा आकडा वाढवायचे, मग प्रोसेसर जास्त डोकं चालवायचा. पेंटियमवर हे परवडतं. प्लेस्टेशनचा प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तिथे नोड्स कमी करावे लागणार, म्हणजे माणसं अजून बावळट चालणार. मी असतो तर तो बोळ रुंद करून घेतला असता आणि कुणाला सांगितलं नसतं.

इथवरचं एका दमात: चित्रं बसवता आली असती, नियंत्रण बसवता आलं असतं, जगाची आठवण आणि मुक्त भटकंती या दोन गोष्टींना कात्री लागली असती.

आता 'जवळजवळ पूर्ण' या शब्दांकडे. प्लेस्टेशनचं काम रूनक्राफ्ट नावाच्या ब्रिटिश स्टुडिओकडे होतं, आणि ते बरंच पुढे गेलं होतं असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मी ते खोटं मानत नाही. पण आमच्या धंद्यात हत्ती जातो आणि शेपूट अडकतं. गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो याला आम्ही साधारण अर्धं काम म्हणतो. कन्सोलवाल्या कंपनीची स्वतःची तपासणी असते: सेव्ह चालू असताना कार्ड उपसून काढा, सीडीचं झाकण उघडा, पॅडची वायर ओढा, रात्रभर चालू ठेवा, आणि या सगळ्यात गेम कोलमडता कामा नये. आठ तासांच्या ॲक्शन गेमला हे सोसतं. साठ-सत्तर तासांच्या, कुठल्याही क्रमाने खेळता येणाऱ्या, सहा साथीदार अदलाबदल करता येणाऱ्या गेमला तपासायचं म्हणजे महिनोन्महिने माणसं बसवावी लागतात. त्यातून प्लेस्टेशनच्या सीडीला नंतर पॅच (दुरुस्तीची फाइल) देता येत नाही. संगणकावर बाल्डर्स गेटला पॅच आले, तिथे ती मुभा होती. कन्सोलवर जे छापलं ते छापलं.

जावा फोनच्या काळात आमचाही एक पोर्ट असाच थांबवला गेला होता. गेम शेवटपर्यंत चालत होता, कॉल आला की सेव्ह बिघडायचा एवढाच बग उरला होता. तो सापडेपर्यंत ज्या मॉडेलांसाठी काम घेतलं होतं त्यांची विक्री ओसरली आणि प्रकाशकाने फाइल बंद केली. त्यात कुणाचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

हाच हिशेब आता तारखांना लावा. गेम डिसेंबर १९९८ चा. त्यानंतर पोर्ट हाती घ्यायचा, दीड-दोन वर्षं धरा. प्लेस्टेशन २ जपानात मार्च २००० मध्ये आला, अमेरिकेत ऑक्टोबर २००० मध्ये. त्याच सप्टेंबरात बाल्डर्स गेट २ संगणकावर आला होता, पहिल्यापेक्षा मोठा आणि सगळ्याच बाबतींत सरस. म्हणजे प्लेस्टेशनचा पोर्ट बाहेर पडेपर्यंत यंत्र जुनं, गेम जुना, आणि वर अनेक सीड्यांचा खोका. कन्सोलच्या धंद्यात प्रकाशकाला सीड्या आधी छापून घ्याव्या लागतात, कन्सोलवाल्या कंपनीचा वाटाही मोजावा लागतो. सीड्या जितक्या जास्त, तितका नफा पातळ. वरातीमागून घोडं नाचवायला कोण एवढा खर्च करेल?

आणि खर्च करणारा सुस्थितीत असता तर एक वेळ ठीक. इंटरप्लेने १९९८ मध्ये शेअर बाजारात नोंदणी केली, पण पैशांची ओढाताण थांबली नाही. १९९९ पासून फ्रान्सची टायटस कंपनी त्यात हिस्सा वाढवत गेली आणि २००१ मध्ये ताबाच तिच्याकडे गेला. अशा घरात पहिली कात्री कुठल्या कामाला लागते हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय. नवा गेम वाचतो, पोर्ट जातो. इंटरप्लेमध्येच डी अँड डीच्या प्लेनस्केप विश्वावरचा एक प्लेस्टेशन गेमही याआधी सुरू होऊन बंद पडला होता, त्यामुळे हा अनुभव त्यांना नवीन नव्हता.

ड्रीमकास्टची गोष्ट मला जास्त चुटपुट लावते. त्याच्याकडे १६ एमबी मुख्य मेमरी, ८ एमबी चित्रांसाठी, २०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. बाल्डर्स गेटची संगणकावरची किमान रॅमदेखील १६ एमबीच, आणि त्यातली बरीचशी विंडोज खायचं. ड्रीमकास्ट ६४० × ४८० चं चित्र देतो, म्हणजे चित्रं निम्मी करायचा प्रश्नच येत नाही. त्याची जीडी-रॉम तबकडी सुमारे १ जीबीची, पाच सीड्यांचा ऐवज दोन-तीन तबकड्यांत येईल. त्याला सेगाचाच कीबोर्ड आणि माउस मिळायचा. शिवाय बायोवेअरला ते यंत्र परकं नव्हतं: एमडीके २ हा त्यांचा गेम २००० मध्ये ड्रीमकास्टवर आला, प्रकाशक पुन्हा इंटरप्लेच. तांत्रिक बाजूने मी हा पोर्ट डोळे झाकून घेतला असता, एक सेव्हचं सोडून. ड्रीमकास्टचं व्हीएमयू हे मेमरी कार्ड प्लेस्टेशनच्या कार्डाहूनही लहान. वापरायला २०० ब्लॉक, ५१२ बाइटांचे, म्हणजे १०० केबी.

पण ड्रीमकास्ट अमेरिकेत आला ९ सप्टेंबर १९९९ ला आणि ३१ जानेवारी २००१ ला सेगाने त्याचं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. मध्ये जेमतेम सतरा महिने. एवढ्या वेळात साठ तासांचा आरपीजी आणून, तपासून, छापून विकणं ज्यांना जमलं असतं त्यांनी आधीपासून तयारी केलेली असायला हवी होती.

इंटरप्लेने त्यानंतर जे केलं ते धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं होतं, जुन्या चाहत्यांनी कितीही नाकं मुरडली तरी. पोर्टचा नाद सोडून त्यांनी स्नोब्लाइंड स्टुडिओकडून कन्सोलसाठीच नवा गेम बनवून घेतला: बाल्डर्स गेट डार्क अलायन्स, डिसेंबर २००१, प्लेस्टेशन २ वर. सहा जणांच्या टोळीऐवजी एक किंवा दोन खेळाडू, थांबवून हुकूम देणं नाही, धडाधड मारामारी. त्यातलं पाणी बघून तेव्हा लोक हरखून जायचे. तो चालला, एक्सबॉक्स आणि गेमक्यूबवरही गेला. बायोवेअरने स्वतः आरपीजी घेऊन कन्सोलकडे मोहरा वळवला तो २००३ च्या नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकमध्ये, एक्सबॉक्सवर. एक्सबॉक्समध्ये कंपनीनेच हार्ड डिस्क बसवून दिलेली होती. योगायोग म्हणा हवं तर, मी म्हणणार नाही.

मूळ गेम कन्सोलवर शेवटी आला, पण वीस वर्षं उलटल्यावर. बायोवेअरच्या संस्थापकांपैकी ट्रेंट ऑस्टर आणि जुना प्रोग्रॅमर कॅमेरॉन टोफर यांच्या बीमडॉगने २०१२ मध्ये एनहान्स्ड एडिशन ही सुधारलेली आवृत्ती काढली, आणि १५ ऑक्टोबर २०१९ ला तीच स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आली. ओलनच्या टेबलावर मिन्स्क खेळायचा तो हाच टोफर. त्या कामातली एक गोष्ट तुम्हाला पोर्ट करायचाय म्हणून मुद्दाम सांगतो: परिसरांची मूळ त्रिमितीय कलाकृती हरवलेली होती, त्यामुळे चित्रं नव्याने मोठ्या आकारात रेंडर करता आली नाहीत. जे तुकडे सीडीवर होते तेच घेऊन काम भागवावं लागलं. तुमच्याकडेही तेच असणार आहेत.

मेमरीची रड आता संपली असं कुणाला वाटत असेल तर बाल्डर्स गेट ३ बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संगणकावर, सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ वर. एक्सबॉक्सवर मात्र डिसेंबर उजाडला. कारण एक्सबॉक्स सिरीज एसची १० जीबी मेमरी. एका पडद्यावर दोघांनी खेळायची सोय तिच्यात बसेना, म्हणून त्या यंत्रापुरती ती वगळून गेम आणला आणि सोय नंतर दिली. फरक एवढाच की आता 'नंतर' देता येतं.

राहिला तुमचा ड्रीमकास्ट. जमेल का, हे तुम्ही काय सोडायला तयार आहात यावर आहे. सगळा गेम, मूळ रूपात, घरच्या टीव्हीवर सुरळीत असं डोक्यात असेल तर नको. स्विचवर विकत घ्या, त्या पैशात सुख आहे. पण 'कॅन्डलकीप (गेम जिथे सुरू होतो ती जागा) आणि बाहेरचे दोन-तीन परिसर चालते करून बघायचेत' एवढं असेल तर छंद म्हणून सुंदर काम आहे, आणि पोर्टिंग शिकायला याहून चांगला गेम मला सुचत नाही.

शून्यातून लिहू नका. जेमआरबी नावाचं इन्फिनिटी इंजिनाचं मुक्त स्रोत पुनर्लेखन आहे, ते विकत घेतलेल्या मूळ फायली घेऊन चालतं. ड्रीमकास्टसाठी कॅलिस्टीओएस ही हौशी लोकांची विकाससामग्री आहे. पण जेमआरबी आजच्या यंत्रांना धरून लिहिलेलं आहे, १६ एमबीत ते सहजासहजी मावणार नाही. त्यातलं फाइल वाचायचं आणि नकाशा काढायचं तेवढं उचला, बाकी बाजूला ठेवा. आधी संगणकावर निअर इन्फिनिटी हे साधन उतरवून एखादा परिसर उघडा, तुकडे, दारं, पेट्या, अदृश्य सीमा सगळं डोळ्यांखालून घाला. दोन संध्याकाळी नुसतं बघण्यात घालवल्यात तरी चालेल.

मग चित्र काढायच्या आधी सेव्ह घ्या. हे उलटं वाटेल, पण पडद्यावर कॅन्डलकीप दिसलं की माणूस खूश होऊन सेव्हचं पुढे ढकलतो. संगणकावर अर्ध्यापर्यंत खेळलेला एक सेव्ह घ्या, तो उलगडून त्यातलं तुम्हाला खरंच काय ठेवायचंय त्याची यादी करा, आणि ते दाबून १०० केबीच्या आत येतंय का ते संगणकावरच लहानसा प्रोग्रॅम लिहून बघा. आलं तर पुढचं इथेच विचारा, मी आहे. नाही आलं तर यादीत जमिनीवर टाकलेल्या वस्तूंपासून कापायला सुरुवात करा.